चमच्यांवरची नावं

वूच शहराच्या कडेला, ट्राम जिथे वळसा घेऊन परत फिरते,
तिथे लुत्सिनाबाईंचा जमिनीचा तुकडा.
एक सफरचंदाचं झाड, एक पत्र्याचं खोपटं,
आणि खोपट्याच्या पायरीवर रुळाचा हातभर तुकडा.
ही त्यांची ऐरण.

चमचे ॲल्युमिनियमचे. इतके हलके
की सूप ढवळताना हातात काही आहे असं वाटतच नसे.
सूतगिरणीच्या उपाहारगृहातले, दांडीवर गिरणीचा शिक्का.
गिरणी बंद पडली त्या दिवशी
शेवटचा पगार कुणाच्याच हातावर पडला नाही.
बाईंनी एप्रनमध्ये एकेचाळीस चमचे बांधले
आणि फाटकातून चालत्या झाल्या.
पहारेकऱ्याने खणखणाट ऐकला
आणि स्वतःची टोपी नीट करत बसला.

तीस वर्षं खोक्यात. खोकं पलंगाखाली.
या मार्चमध्ये त्यांनी पहिला चमचा रुळावर पालथा घातला.

हातोडीखाली चमच्याचं पोट आधी कुरकुरतं,
मग फोटोला उभं राहिल्यावर आपण ओढून घेतो तसं आत जातं.
मग खिळ्याने अक्षरं, ठिपक्याला ठिपका लावत.
घाई केली की आरपार भोक.
त्यांच्या लिपीत काही अक्षरांना शेपूट,
काहींच्या डोक्यावर तिरकी काडी;
शेपटीसाठी वेगळा खिळा, चुकेएवढा.
रंग म्हणून भाचीच्या पार्लरमधल्या
नेलपॉलिशच्या अर्ध्या सुकलेल्या बाटल्या:
बीटला जांभळा, गाजराला असा भडक केशरी
जो वूचमधल्या एकाही नखाने पत्करला नव्हता.

एकूण खर्च? "शून्य," बाई म्हणतात.
मग थोडं थांबून, "खिळे. नाही, तेही झेनोनचेच."

पलीकडच्या झेनोनने चिनी मातीच्या पाट्या टपालाने मागवल्या होत्या,
लॅटिन नावांच्या, वर मधमाशीचं चित्र.
एका पाटीच्या किमतीत किलोभर लोणी आलं असतं.
पहिल्याच हिवाळ्यात मधमाश्या मधोमध तडकल्या.
बाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.
फक्त त्याचे खिळे परत द्यायला गेल्या, मोजून.

शेपूला इथे कोपर म्हणतात.
लीकला, त्या जाड दांड्याच्या कांदापातीला, पोर.
मी कुंपणावरून चमचे वाचत होतो आणि हसू फुटलं.
काय झालं, त्यांनी विचारलं. सांगितलं,
माझ्या मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये, कोपर वाकवून दाखवत.
"आणि पोर म्हणजे मूल?"
बाई त्या चमच्याकडे बघत राहिल्या.
"मग याला जरा उन्हात लावू."

मे महिन्यात आला एक पक्षी,
आपल्या टकाचोराचा काळापांढरा भाऊबंद,
आणि चमकणारं सगळं चोचीने उपटून
मन मानेल तिथे टाकून गेला.
बागसमितीचा माणूस वही घेऊन फिरला,
बीटपाशी शेपू, मुळ्यापाशी गाजर, पायवाटेवर चुका.
सगळं चुकलंय, तो म्हणाला.
"असू दे," बाई म्हणाल्या, "पानांना कुठे वाचता येतं!"

पोर तेवढं जागेवर होतं. खोल रोवलं होतं ना.
त्याच्याभोवती मात्र तीन आठवडे नुसती माती.
बाई रोज झारी घेऊन यायच्या.
शेजारच्या वाफ्याला पाणी घालायचंच असतं,
वाटेत याला पडतं, असं त्या म्हणायच्या.
शेजारच्या वाफ्यात काहीच पेरलेलं नव्हतं.

डिसेंबर. समितीने नळ बंद केलेत,
झेनोनच्या गुलाबांनी गोणपाट पांघरलंय.
बर्फातून वर निळसर हिरवी पाती, मोजून सात.
बाई कुदळीने गोठलेली माती फोडतात,
सहा उपटतात, मुळं झटकतात.
"सूपला सहा पुरे होतात."
वाकलेला चमचा त्या सरळ करतात, बुटाने माती दाबतात,
आणि ट्रामची वेळ झाली म्हणून निघतात.